ॲब्लेशननंतर पुन्हा एएफ: सुजेचा वाटा किती, आणि आपल्या हातात काय?

सांजवारा

नमस्कार. विषय आमच्या घरातला आहे, पण हा प्रश्न इथल्या अनेकांच्या घरी असणार, म्हणून वेगळा धागा काढते.

बाबा ६६ वर्षांचे, खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त. गेली काही वर्षं त्यांना एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाचे ठोके अनियमित पडण्याचा विकार, यापुढे एएफ) येऊन-जाऊन होतं. गोळ्यांनी भागेना, म्हणून इथे पुण्यातल्याच एका रुग्णालयात रेडिओफ्रीक्वेन्सी ॲब्लेशन (हृदयात आतून उष्णतेने डाग देणं) करून घेतलं. घरी आल्यावर सुरुवातीचे दिवस छान गेले. मग एका रात्री पुन्हा तीच धडधड. ईसीजीत एएफच निघालं. डॉक्टर म्हणाले, "आतली सूज उतरायला वेळ लागतो, गोळ्या चालू ठेवा, घाबरू नका." बाहेर रांग होती, त्यापुढे बोलणं झालं नाही.

घरात आता "एवढा पैसा पाण्यात गेला" हे एकच पालुपद आहे. रोज पहाटे तळजाई टेकडीवर फिरायला जाणारे बाबा गॅलरीपर्यंतसुद्धा जपून जातात. एका नातेवाइकांच्या सांगण्यावरून सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारी रक्ततपासणी) केली, ती ७.८ आली. तेव्हापासून प्रत्येक जण सूज उतरवायचा एकेक उपाय सुचवतोय. हळदीच्या कॅप्सूल, फिश ऑइल, कुठला तरी काढा.

मला समजून घ्यायचंय ते हे: ही सूज आधीपासून होती की ॲब्लेशनमुळे आली? आणि ती उतरवली तर एएफ परत येणं खरंच थांबतं का?

---

पर्वतीपायथा

ताई, आधी बाबांना सांगा की हे खूप जणांचं होतं. माझं ॲब्लेशन झालं तेव्हा पहिल्या महिन्यात दोनदा एएफ आलं, एकदा शॉक देऊन ठोके ताळ्यावर आणावे लागले. त्यानंतर आजपर्यंत होल्टरमध्ये (अंगावर लावून ठोके सतत नोंदवणारं यंत्र) काही सापडलेलं नाही. प्रत्येकाचं असंच होईल असं नाही, पण पहिल्या झटक्यावरून पैसे वाया गेले हा निकाल लावू नका.

---

नाडीपरीक्षक

मी फिजिशियन आहे, ईपी (हृदयाच्या ठोक्यांच्या लयीचा) तज्ज्ञ नाही. ॲब्लेशन मी करत नाही, पण ते करून आलेले पेशंट रोज बघतो. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: दोन्ही. सूज आधीही असते आणि ॲब्लेशनमुळे नवीनही येते. या दोन सुजा वेगळ्या आहेत, आणि त्यांची सरमिसळ झाली की सगळाच गोंधळ होतो.

आधीची सूज. १९९७ मध्ये इटलीतल्या संशोधकांनी अशा १२ रुग्णांच्या कर्णिकेतून, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यातून, ऊतींचे नमुने घेतले, ज्यांना एएफ होतं पण हृदयाचा दुसरा कुठलाही आजार दिसत नव्हता. त्यातल्या ८ जणांत मायोकार्डायटिसच्या, म्हणजे हृदयाच्या स्नायूला सूज असल्याच्या खुणा सापडल्या. पुढे २००१ मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकच्या गटाने दाखवलं की एएफ असलेल्यांची सीआरपी इतरांपेक्षा जास्त असते, आणि ज्यांचं एएफ येऊन-जाऊन नसून मुक्कामाला असतं त्यांची आणखी जास्त. सुजेमुळे पेशींमधली कॅल्शियमची ये-जा बिघडते, भलत्या वेळी विजेच्या ठिणग्या पडतात, आणि हळूहळू स्नायूच्या जागी तंतुमय चट्टे तयार होतात. चट्टे आले की विद्युतलहर सरळ जात नाही, वळसे घेत फिरत राहते. शिवाय एएफ स्वतःच कर्णिका बिघडवतं. १९९५ मध्ये मास्ट्रिख्टच्या शास्त्रज्ञांनी बकऱ्यांवर प्रयोग करून दाखवलं होतं की एएफ जितका वेळ चालू ठेवलं, तितकं ते जास्त टिकत गेलं.

नंतरची सूज. १९९८ मध्ये फ्रान्समधल्या बोर्दोच्या गटाने दाखवलं की एएफच्या बहुतेक ठिणग्या फुप्फुसशिरांच्या (फुप्फुसातून हृदयात रक्त आणणाऱ्या शिरांच्या) तोंडाशी पडतात. म्हणून ॲब्लेशनमध्ये त्या शिरांच्या तोंडाभोवती डाग देऊन कडं करतात, म्हणजे ठिणगी आत पडली तरी बाहेर येत नाही. डाग म्हणजे भाजणंच. भाजलेल्या जागी सूज येणार, पाणी धरणार, आसपासचा स्नायू चिडचिडा होणार. पहिल्या काही आठवड्यांत एएफ दिसतं त्याचं मोठं कारण हे आहे. त्यामुळे या काळातलं एएफ उपचाराचं अपयश म्हणून मोजत नाहीत. याला ब्लँकिंग पीरियड म्हणतात. पूर्वी तो ३ महिन्यांचा धरायचे, २०२४ च्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या एकमताच्या निवेदनात ८ आठवड्यांवर आणला. कारण तिसऱ्या महिन्यात येणारं एएफ बहुतेकदा पुढेही राहतं असं दिसून आलं.

आता तुमचा दुसरा प्रश्न, आणि इथे मला स्पष्ट बोलायला हवं. उशिरा परत येणाऱ्या एएफचं मुख्य कारण सूज नसतं. कड्यात कुठेतरी फट राहिलेली असते, किंवा सूज उतरल्यावर अर्धवट भाजलेला स्नायू पुन्हा जिवंत होतो आणि शीर परत जोडली जाते. शेताच्या बांधाला एका जागी भगदाड राहिलं की पाणी तिथूनच वाहतं, तसं. या फटीवर कुठलीही कॅप्सूल चालत नाही, तिथे दुसऱ्यांदा ॲब्लेशनचाच विचार करावा लागतो.

बाबांना ॲब्लेशन होऊन किती आठवडे झाले?

---

सांजवारा

चौथा आठवडा चालू आहे, डॉक्टर. इतकं नीट कुणी सांगितलं नव्हतं. संध्याकाळी बाबांना मोठ्याने वाचून दाखवणार आहे.

---

मुळशीचा_पाऊस

सीआरपीबद्दल एक. आमच्या काकूंची सीआरपी पावसाळ्यात भलतीच वाढली होती, सगळे हृदयाच्या मागे लागले आणि निघाला चिकनगुनिया. पुण्यात जून ते ऑक्टोबर या काळात त्या एका आकड्यावर काही ठरवू नये असं माझं मत.

---

नाडीपरीक्षक

बरोबर. सीआरपी कशानेही वाढते: सर्दी, दाताचा गळू, सांधेदुखी, लठ्ठपणा. हृदयासाठी म्हणून करतात ती एचएस-सीआरपी १० च्या वर आली तर आधी जंतुसंसर्ग शोधतात आणि काही आठवड्यांनी पुन्हा तपासतात. ॲब्लेशननंतर तर ती वाढणारच, नुकतंच भाजलंय ना. चौथ्या आठवड्यातल्या ७.८ वरून एएफ परत येईल की नाही हे कुणीही सांगू शकत नाही. तो आकडा आता बाजूला ठेवा.

---

औंधकर_७१

मग सूज उतरवणारं औषधच का देत नाहीत? गाउटसाठी (युरिक ॲसिडमुळे सांधे सुजतात त्यासाठी) मी कोल्चिसिन घेतो. ते ॲब्लेशननंतर देतात असं वाचलं होतं.

---

नाडीपरीक्षक

काका, चांगला मुद्दा काढलात. यावर खरोखर काम झालंय.

२०१२ मध्ये ग्रीसमधल्या अभ्यासात ॲब्लेशननंतर ३ महिने कोल्चिसिन दिलं. त्या ३ महिन्यांत एएफ परतण्याचं प्रमाण ३३.५ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आलं. सगळ्यांच्या आशा वाढल्या. पण २०२४ मध्ये छापून आलेल्या १९९ जणांच्या चाचणीत १० दिवसांचं कोल्चिसिन दिलं, तर पहिल्या दोन आठवड्यांतलं एएफ ३१ टक्के आणि बिनऔषधाच्या गोळीवर ३२ टक्के. फरक पडला तो जुलाबांत: २६ टक्के विरुद्ध ७ टक्के. त्याआधी २०२३ मध्ये छातीच्या (हृदयाच्या नव्हे) शस्त्रक्रियेच्या ३२०९ रुग्णांवरची मोठी चाचणी झाली, तिथेही एएफ म्हणण्यासारखं घटलं नाही. स्टेरॉइडचंही तसंच. जपानमधल्या २०१० च्या अभ्यासात थोड्या दिवसांच्या कोर्सचा सुरुवातीला फायदा दिसला, नंतरच्या काही अभ्यासांत तो टिकला नाही.

मला यातून एवढंच दिसतं की सूज दोषी असली तरी तिच्यावर सरसकट पाणी ओतून भागत नाही. डाग पक्का व्हायलाही थोडी सूज लागतेच. ॲब्लेशननंतर दीर्घ श्वास घेताना छातीत दुखणं, म्हणजे पेरिकार्डायटिस, असेल तर कोल्चिसिन जरूर देतात. त्या दुखण्यासाठी ते चांगलं औषध आहे.

आणि काका, तुम्हाला एएफसाठी डिल्टियाझेम किंवा व्हेरापामिल चालू असेल तर कोल्चिसिनचं रक्तातलं प्रमाण वाढतं. दोन्ही डॉक्टरांना दोन्ही यादी दाखवा.

---

मावळची_माती

आमच्याकडे पवन मावळात वैदू कळलावीचा कंद सांधेदुखीवर देतात. कोल्चिसिन त्यातूनच येतं ना? गोळीपेक्षा मूळ वनस्पती बरी नाही का?

---

नाडीपरीक्षक

नाही. कृपया नाही. हे वाचून कुणी तो कंद उगाळून घेऊ नये म्हणून लगेच लिहितोय.

कळलावीत कोल्चिसिन असतं हे खरं, पण कुठल्या कंदात किती हे डोळ्यांना दिसत नाही, आणि औषधाचा डोस व विषाचा डोस यांत अंतर फार थोडं आहे. विषबाधेत आधी उलट्या-जुलाब होतात, माणूस म्हणतो पोट बिघडलं. मग एक-दोन दिवसांत मूत्रपिंड, अस्थिमज्जा, हृदय असं एकेक कोसळायला लागतं. हमखास उतारा नाही. चुकून पोटात गेलं तर उलट्यांची वाट न बघता अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयात जा आणि "कळलावी खाल्ली आहे" हे शब्द सांगा. पावसाळ्यात सिंहगडाच्या वाटेवर तिची लाल-पिवळी फुलं दिसतात. बघा, फोटो काढा, घरी आणू नका.

---

मावळची_माती

समजलं. गावातल्या ग्रुपवर हे जसंच्या तसं टाकतो.

---

सांजवारा

हळद आणि फिश ऑइलचं काय करू? मावशीने दोन्हीच्या बाटल्या आणून ठेवल्यात, तिला दुखवायचं नाही.

---

नाडीपरीक्षक

भाजीतली हळद हवी तेवढी. कॅप्सूल मात्र बंद ठेवा. बाबांना रक्त पातळ करणारी गोळी चालू असणार, आणि हळदीतल्या एकवटलेल्या कर्क्युमिनने रक्तस्रावाची शक्यता वाढू शकते.

फिश ऑइलची गोष्ट तर उलटीच निघाली. मोठ्या मात्रेतल्या ओमेगा-३ ने एएफ वाढतं हे एकाहून जास्त चाचण्यांत दिसलंय. मासे खाणाऱ्या घरात सुरमई-बांगडा खुशाल खा. बाटली मावशींना परत करा, सांगा डॉक्टरांनी नको म्हटलंय.

आणि सूज उतरवायची म्हणून आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या मनाने घेऊ नका. रक्त पातळ करणाऱ्या गोळीबरोबर पोटात रक्तस्राव होण्याचा धोका खरा आहे. धडधड थांबली म्हणून रक्त पातळ करणारी गोळीही सोडायची नाही. ॲब्लेशननंतर किमान दोन महिने ती प्रत्येकाला लागते. त्यानंतर पुढे किती काळ हे ठरतं ते वय, रक्तदाब, मधुमेह, आधीचा पक्षाघात यांवर. "आता एएफ दिसत नाही" यावर नव्हे.

---

पर्वतीपायथा

घाबरवायचं नाही, पण एक गोष्ट या धाग्यात असलीच पाहिजे. मला घरी सोडताना कागदावर लिहून दिली होती आणि तो कागद बायकोने फ्रिजवर चिकटवला होता. ॲब्लेशननंतरच्या दोन महिन्यांत ताप, गिळताना दुखणं, रक्ताची उलटी, किंवा अचानक बोलणं अडखळणं, हातपाय लुळे पडणं यातलं काही झालं तर त्याला व्हायरल समजून घरी थांबायचं नाही.

---

नाडीपरीक्षक

हे लिहिलंत फार बरं झालं. कर्णिकेच्या मागच्या भिंतीला अन्ननलिका चिकटून असते. क्वचित त्या दोघांमध्ये भोक पडतं, ते जिवावर बेततं. ज्यांनी ॲब्लेशन केलं त्याच टीमला फोन करा, आणि तपासणाऱ्या प्रत्येकाला "ॲब्लेशन झालंय, आधी छातीचं सीटी बघा" असं सांगा. अशा वेळी एंडोस्कोपी टाळतात, कारण तिच्यात भरलेली हवा त्या भोकातून हृदयात जाऊ शकते.

आता उष्णतेऐवजी विद्युत-स्पंदांनी करायचं पल्स्ड फील्ड ॲब्लेशन आलंय, त्यात अन्ननलिका बरीच वाचते. पण २०२३ च्या मोठ्या चाचणीत वर्षभरानंतरचं यश ७३.३ टक्के आणि जुन्या पद्धतीचं ७१.३ टक्के, म्हणजे जवळपास सारखंच. भाजणं टाळलं तरी एएफ परतणं संपलं नाही. कड्यात फट तिथेही राहू शकते, आणि शिवाय मूळ सूज कर्णिकेत आधीच बसलेली असते, हे मी वर म्हटलंच आहे.

---

बावधनची_बाग

म्हणजे प्रश्न त्या जुन्या सुजेचा आहे. ती कुठून येते आणि कशी उतरवायची?

---

नाडीपरीक्षक

या धाग्यात सगळ्यात महत्त्वाचं मला हेच वाटतं, आणि ओपीडीत याच्याच वाट्याला सगळ्यात कमी वेळ येतो.

पोटाचा घेर. हृदयाभोवतीही चरबी साठते, ती नुसती पडून नसते, सूज वाढवणारी द्रव्यं थेट कर्णिकेच्या स्नायूत सोडत असते. ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडच्या गटाने २०१५ मध्ये ३५५ जणांचं छापलं: ज्यांनी १० टक्के किंवा जास्त वजन उतरवलं आणि टिकवलं त्यांची एएफमुक्त राहण्याची शक्यता सहापट होती. वजन वर-खाली होत राहिलं तर फायदा बराचसा गेला. म्हणजे श्रावणात उतरवून दिवाळीत भरून काढलेलं वजन धरायचं नाही. त्याच गटाने २०१४ मध्ये ॲब्लेशन झालेल्यांमध्ये वजन, रक्तदाब, साखर, झोप, दारू, तंबाखू यांचा एकत्र पाठपुरावा केला, तर एएफ परत येण्याचं प्रमाण स्पष्ट घटलं. ८० किलोच्या माणसाला ८ किलो. वर्षभराचं काम आहे, पण कुठल्याही गोळीने एवढं केल्याचं मला माहीत नाही.

झोप. घोरणं, मध्येच श्वास अडकणं, दिवसा डुलक्या असतील तर स्लीप स्टडी करून घ्या. बायकोला विचारा, नवऱ्याला विचारू नका.

दारू. २०२० च्या ऑस्ट्रेलियन चाचणीत नियमित पिणाऱ्यांपैकी निम्म्यांना सोडायला सांगितलं. सहा महिन्यांत एएफ परतलं ते सोडणाऱ्यांत ५३ टक्क्यांना, पीत राहिलेल्यांत ७३ टक्क्यांना.

आणि हिरड्या.

---

औंधकर_७१

हिरड्या? दाताच्या?

---

नाडीपरीक्षक

हो. हिरोशिमा विद्यापीठाचा २०२४ चा अभ्यास आहे. ॲब्लेशन झालेल्या २८८ जणांची तोंडं तपासली. ९७ जणांनी ब्लँकिंग पीरियडमध्ये हिरड्यांचे उपचार करून घेतले. पुढे एएफ परतण्याचा धोका त्यांच्यात ६१ टक्क्यांनी कमी दिसला. सावधगिरीने वाचा: उपचार कुणाला द्यायचे हे चिठ्ठ्या टाकून ठरवलं नव्हतं, आणि जो माणूस दातांची काळजी घेतो तो गोळ्याही वेळेवर घेतो. तरीही पायोरिया झालेल्या तोंडातून रक्तात रोज जंतू आणि सूज पोचत असते, आणि हिरड्या साफ करण्यात तोटा काहीच नाही.

---

दौंड_जंक्शन

डॉक्टर, माझी आई मिश्री लावते. आमच्याकडे तिच्या वयाच्या सगळ्याच बायका लावतात. तिला एएफ आहे, पण झडपेमुळे. लहानपणी सांधे सुजून ताप आला होता म्हणतात. तिला वॉरफरिन (रक्त पातळ करणारी गोळी) चालू आहे. ॲब्लेशनबद्दल कुणी काही बोललेलं नाही.

---

नाडीपरीक्षक

ताई, तुमच्या आईचा आजार या धाग्यातल्या बाकीच्यांपेक्षा वेगळा आहे, म्हणून वरचं सगळं त्यांना जसंच्या तसं लावू नका. लहानपणच्या ऱ्हुमॅटिक तापाने मायट्रल झडप आखडली असेल तर कर्णिकेवर वर्षानुवर्षं दाब राहतो आणि त्यातून एएफ येतं. भारतात झालेल्या एएफच्या नोंदणीत निम्म्याच्या जवळपास रुग्ण असेच होते, आणि पाश्चात्त्य देशांतल्या रुग्णांपेक्षा वयाने कितीतरी लहान. तिथे आधी झडपेचा विचार होतो, फुग्याने उघडायची की बदलायची.

त्यांचं वॉरफरिन "जुनं औषध" म्हणून कुणी बदलायला सांगितलं तर थांबा. २०२२ ची ऱ्हुमॅटिक एएफवरची मोठी चाचणी सांगते की या रुग्णांत वॉरफरिनच्या गटातली औषधं रिव्हारोक्साबॅन या नव्या गोळीपेक्षा सरस ठरली. आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते दाखवणारी तपासणी) मात्र वेळेवर तपासायला हवा.

मिश्री सोडवा. भाजला तरी तो तंबाखूच, आणि तो सरळ हिरड्यांवर घासला जातो. रागावून सुटणार नाही, सकाळच्या चहाआधीची ती सवय असते. दातांच्या डॉक्टरांनी आरशात हिरडी दाखवली की बायका ऐकतात, हा माझा अनुभव.

---

सांजवारा

काल ईपी डॉक्टरांकडे जाऊन आलो. यावेळी प्रश्न कागदावर लिहून नेले होते, त्यांनी शांतपणे सगळ्यांची उत्तरं दिली. ठोके आता पुन्हा नियमित आहेत. आठवा आठवडा संपल्यावर होल्टर लावणार आहेत, तोपर्यंत कुठलाही निष्कर्ष नाही. चालायला परवानगी मिळाली, आज बाबा कॅनॉलच्या रस्त्याने हळूहळू फेरी मारून आले. आईला विचारलं तर ती म्हणाली, "घोरणं? गेली तीस वर्षं मी दुसऱ्या खोलीत झोपते." स्लीप स्टडीची तारीख घेतली आहे. वजन ८४ आहे.

एकच राहिलं. त्यांच्या हिरड्यांतून ब्रश करताना रक्त येतं. गोळीमुळे असेल असं आम्ही धरून चाललो होतो. आता दाखवायचं तर गोळी बंद करावी लागते का?

---

दाढेचा_सल्ला

मी दंतवैद्य आहे. मुद्दाम खाते उघडून लिहितेय, कारण रोज कुणीतरी स्वतःहून गोळी बंद करून माझ्या खुर्चीत येऊन बसतं.

साफसफाईसाठी गोळी स्वतःहून बंद करू नका. खोल साफसफाई एकेका बाजूची, थोडी थोडी करता येते आणि रक्त जागच्या जागी दाबून थांबवता येतं. सकाळची वेळ घ्या, म्हणजे काही वाटलंच तर दिवसभर आम्ही उपलब्ध असतो. येताना औषधांची यादी आणि ॲब्लेशनचं डिस्चार्ज कार्ड आणा. वेळ कुठली साधायची ते तुमच्या ईपी डॉक्टरांना विचारून घ्या, मी स्वतः त्यांना फोन करते. वॉरफरिनवाल्यांनी आदल्या एक-दोन दिवसांतला आयएनआर आणावा. नुसत्या ॲब्लेशनसाठी आधी अँटिबायोटिक लागत नाही, पण दौंडच्या ताई, आईंची झडप बदललेली असेल तर लागतं, ते आधी सांगा.

आणि साफसफाईनंतर दुखलं तर पॅरासिटामॉल. मेडिकलवाला दुसरी गोळी हातात ठेवायला लागला तर घेऊ नका.

---

दौंड_जंक्शन

झडप बदललेली नाही, फुग्याने उघडली होती. आईला घेऊन पुण्याला यायचं म्हणजे एक दिवस जातो. खर्चाचं काय?

---

दाढेचा_सल्ला

दंत महाविद्यालयांच्या ओपीडीत हेच काम खाजगी दवाखान्यापेक्षा बरंच स्वस्तात होतं. धनकवडीला भारती विद्यापीठाचं आहे, कॅम्पात आझम कॅम्पसमध्ये रंगूनवाला. दोन्हीकडे हिरड्यांचा वेगळा विभाग आहे, पेरिओ म्हणून विचारा. वेळ लागतो, डबा बरोबर ठेवा. मिश्रीची डबीही आणायला सांगा त्यांना, त्यावर मला बोलायचंच असतं, तिथल्या डॉक्टरांनाही असेल.